हजार पौंडांचे दुःख

एखाद्याच्या दुःखाला सहानुभूती द्यावी की न द्यावी हे ठरविताना आपण नकळत त्याच्या खिशाकडे पाहतो. रात्रपाळी करून घरी आलेला कामगार या नोकरीने जीव विटला असे सांगू लागला, तर आपल्याला ते तत्काळ पटते. परंतु तेच गाऱ्हाणे दूरचित्रवाणीवरील एखाद्या गाजलेल्या नटाने मांडले की आपल्याला हसू येते. थोडा रागही येतो. अर्ध्या तासाच्या कामासाठी ज्याला आपल्या वर्षभराच्या कमाईहून अधिक पैसा मिळतो, त्याने रडावे कशासाठी? नको असेल तर सोडून द्यावे काम. कोणी त्याला बांधून ठेवले आहे?

हा प्रश्न अगदीच अनुदार आहे असे मला वाटत नाही. कष्ट करून अर्धपोटी राहणाऱ्यांच्या जगात धनवंतांच्या उदासीनतेला पहिली जागा देता येत नाही. पण या प्रश्नाचे उत्तर नुसत्या तर्काने देण्यापेक्षा एका माणसाचे आयुष्य समोर ठेवून शोधावे. त्यासाठी मी टोनी हॅन्कॉक या इंग्रज विनोदी नटाची निवड केली आहे. चॅप्लिन किंवा लॉरेल-हार्डी यांच्याइतके त्याचे नाव आपल्याकडे परिचित नाही. कारण त्याचे खरे राज्य चित्रपटाच्या पडद्यावर नव्हतेच. ते नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर होते, आणि इंग्लंडच्या घराघरात होते. त्याच्यापाशी पैसा होता, कीर्ती होती, उत्तम लेखक होते, जिवाला जीव देणारे सहकारी होते. आणि तरीही वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, आपल्या देशापासून हजारो मैल दूर, त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले.

अँथनी जॉन हॅन्कॉक याचा जन्म १२ मे १९२४ रोजी बर्मिंगहॅम शहरात झाला. तो लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ या गावी राहावयास गेले. वडील तेथे हॉटेल चालवीत आणि हौसेने रंगमंचावर विनोदी कार्यक्रमही करीत. मुलाने ही हौस त्यांच्याकडूनच उचलली. परंतु टोनी अकरा वर्षांचा असताना, १९३५ साली, वडील वारले. आईने पुढे दुसरे लग्न केले. टोनीने पंधराव्या वर्षी शाळा सोडली. महायुद्धात थोरला भाऊ कॉलिन वैमानिक दलात असताना मृत्यू पावला. त्याच दलात १९४२ मध्ये टोनीही भरती झाला आणि तेथे सैनिकांच्या करमणुकीसाठी फिरणाऱ्या पथकातून त्याने उमेदवारी केली.

युद्ध संपल्यावर मात्र उमेदवारीचे खडतर दिवस आले. लंडनमध्ये विंडमिल नावाचे एक नाट्यगृह होते. तेथे दिवसाला पाच-सहा खेळ होत आणि प्रेक्षक येत ते मुख्यतः अर्धनग्न तरुणींचे देखावे पाहावयास. दोन देखाव्यांच्या मधला वेळ विनोदी नटाने भरून काढावयाचा! हसण्यासाठी न आलेल्या माणसांना हसविण्याची ही शाळा फार कठोर होती. १९४८ मध्ये हॅन्कॉकने या शाळेत धडे घेतले. पुढे १९५१ पासून नभोवाणीवरील एका लोकप्रिय मालिकेत त्याला काम मिळाले. त्या मालिकेचा नायक होता शब्दभ्रमकाराचा लाकडी बाहुला, आणि हॅन्कॉक त्या बाहुल्याचा शिक्षक. या भूमिकेने त्याचे नाव देशभर झाले; पण लाकडाच्या बाहुल्यापुढे दुय्यम होऊन तीच ती ठरलेली वाक्ये म्हणण्यात त्याला गोडी वाटेना. यश मिळावे आणि त्याच यशाचा कंटाळा यावा, हा त्याच्या आयुष्याचा क्रम येथूनच सुरू होतो.

याच सुमारास त्याची गाठ दोन तरुण लेखकांशी पडली. त्यांची नावे रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन. हे दोघेही ऐन तारुण्यात क्षयाने आजारी पडले होते. क्षयरोग्यांच्या इस्पितळात त्यांची ओळख झाली आणि तेथेच ते विनोद लिहू लागले. मृत्यूच्या छायेत मैत्री झालेल्या या दोघांनी हॅन्कॉकला त्याचे खरे रूप मिळवून दिले. २ नोव्हेंबर १९५४ रोजी बीबीसीच्या नभोवाणीवर ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ ही मालिका सुरू झाली, आणि १९५६ पासून ती दूरचित्रवाणीवरही दिसू लागली.

या मालिकेत हॅन्कॉक हॅन्कॉकच्याच नावाने वावरत असे. लंडनच्या एका कल्पित उपनगरात, रेल्वेच्या रुळांलगतच्या घरात तो राहतो. डोक्याला काळी हॅट, अंगात फरची कॉलर लावलेला जुना ओव्हरकोट, आणि चेहऱ्यावर सदैव जगाने आपला अपमान केला असल्याचा भाव. विद्वत्तेचा आव मोठा, ज्ञान बेताचे. रुबाब मोठा, खिसा रिकामा. रविवारची दुपार कंटाळवाणी जाते, शेजारी नीट वागत नाहीत, सरकार ऐकत नाही, आपली योग्यता कोणाला कळत नाही, अशी त्याची तक्रार अखंड चालू असते. सिड जेम्स हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला नट त्याचा लबाड मित्र होई आणि दर वेळी त्याला कोठल्या तरी भानगडीत गुंतवी. या कार्यक्रमाच्या वेळी दारूचे गुत्ते ओस पडत, असे इंग्लंडमध्ये आजही सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कफल्लक हॅन्कॉकची कुरकुर सारा देश आठवड्यामागून आठवडे प्रेमाने ऐकत होता. त्यात प्रत्येकाला आपलीच कुरकुर ऐकू येत होती. तीच कुरकुर करणारा खरा हॅन्कॉक मात्र आता श्रीमंत झाला होता, आणि त्याच्या मनातले गाऱ्हाणे ऐकावयास कोणी तयार असेल असे त्याला स्वतःलाही वाटत नसावे.

त्याचे काम दिसते तितके सोपे नव्हते. दूरचित्रवाणीच्या त्या पहिल्या काळात कार्यक्रम बहुधा प्रत्यक्ष चालू असतानाच प्रक्षेपित होई. चूक झाली की ती त्याच क्षणी लाखो घरांत पोहोचे. आठवड्याला नवी संहिता, नवे पाठांतर, पुन्हा तालमी आणि पुन्हा ती परीक्षा! नाटकाच्या नटाला निदान तेच नाटक महिनोन् महिने करता येते. पण गंमत अशी की हॅन्कॉकला तेही सोसत नसे. रोज त्याच वेळी तेच प्रसंग करणे त्याला शिक्षेसारखे वाटे, आणि नवे काम म्हटले की रंगमंचावर जाण्यापूर्वी भीतीने त्याचा थरकाप होई. १९५५ च्या वसंत ऋतूत लंडनच्या एका नाट्यगृहातील चालू खेळ आणि तोंडावर आलेली नभोवाणी मालिका, दोन्ही टाकून तो कोणाला न सांगता इटलीला निघून गेला. मालिकेचे पहिले तीन भाग हॅरी सीकोम या दुसऱ्या विनोदी नटाने ऐन वेळी निभावून नेले.

टीकाकाराला येथे बोलावयास जागा मिळते, आणि ती मिळावयास हवी. गिरणीतला कामगार असा निघून गेला असता तर परत आल्यावर त्याला दार उघडे मिळाले नसते. हॅन्कॉकला ते मिळाले. पैसा आणि कीर्ती ही दुःखाची भरपाई करीत नसतील, पण दुःखी माणसाच्या चुका पोटात घालावयास इतरांना भाग पाडतात, एवढे खरे. आणि त्या चुकांचा भार उचलतात ती त्याच्याहून कमी पगाराची माणसे.

१९६० च्या आसपास हॅन्कॉक कीर्तीच्या शिखरावर होता. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला १००० पौंड घेणारा बीबीसीचा पहिला विनोदी नट म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्या काळी इंग्लंडमधील कामगाराची सरासरी कमाई आठवड्याला सुमारे १५ पौंड होती. म्हणजे त्याचा अर्धा तास हा कामगाराच्या एका वर्षाहून मोठा होता! अशा वेळी, फेब्रुवारी १९६० मध्ये, बीबीसीवर त्याची एक मुलाखत झाली. मुलाखत घेणारे होते जॉन फ्रीमन, जे पुढे १९६५ ते १९६८ या काळात ब्रिटनचे हायकमिशनर म्हणून आपल्या दिल्लीत होते. या कार्यक्रमात कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्यावरून हलत नसे. पैसा, धर्म, बालपण, सुख, अशा विषयांवर फ्रीमन शांतपणे एकामागून एक प्रश्न विचारीत गेले आणि देशाला हसविणारा तो जाड, खांदे पाडून बसलेला माणूस विलक्षण प्रामाणिकपणे उत्तरे देत गेला. आपण सुखी आहोत असे त्याला म्हणता आले नाही. या मुलाखतीनंतर तो स्वतःला अधिकच पोखरू लागला, असे त्याच्या निकटच्या माणसांना पुढे वाटत राहिले.

यानंतरचा त्याच्या आयुष्याचा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. आपल्या अस्वस्थतेचे कारण त्याने आपल्या कामात शोधावयास सुरुवात केली, आणि जे जे कारण वाटले ते ते तो दूर करीत गेला. चमत्कारिक आवाज काढून हशा मिळविणे त्याला खोटे वाटे; म्हणून केनेथ विल्यम्स या गुणी नटाचे काम कमी कमी होत गेले. सिड जेम्सबरोबर आपली जोडगोळी होऊन बसते असे वाटू लागले; म्हणून १९६० नंतर सिड जेम्सला वगळले. त्या मित्राला याचे फार वाईट वाटले. १९६१ मध्ये ‘हॅन्कॉक’ एवढ्याच नावाने नवी मालिका झाली. तिच्या पहिल्या भागात तो पूर्ण वेळ एका भाड्याच्या खोलीत एकटा आहे. समोर बोलावयास दुसरे पात्रच नाही. प्रयोग म्हणून तो भाग अपूर्व होता. पण मागे वळून पाहताना तो भविष्यकथनासारखा भासतो.

याच मालिकेत ‘द ब्लड डोनर’ हा त्याचा सर्वांत गाजलेला भाग आहे. मोठ्या देशभक्ताच्या थाटात तो रक्तदानाला जातो, नुसता थेंब घेऊन भागत नाही हे कळल्यावर हबकतो, अखेर रक्त देतो, आणि त्याच दिवशी पाव कापताना स्वतःला जखम करून घेऊन आपलेच रक्त परत मिळवितो. हे पाहताना आजही हसू आवरत नाही. परंतु नीट पाहिले तर त्याची नजर समोरच्या नटाकडे नसते. ती किंचित बाजूला जाते. त्या भागाच्या थोडे आधी मोटारीचा अपघात झाला होता. गाडी त्याची पत्नी सिसिली चालवीत होती. हॅन्कॉकच्या डोक्याला मार बसल्याने पाठांतरास वेळ मिळाला नव्हता. म्हणून कॅमेऱ्याजवळ संवादांचे फलक आणि यंत्रे लावली होती, आणि ते वाचून त्याने प्रसंग निभावला. प्रसंग निभावला, सवय मात्र राहिली. पुढे पाठांतराचे कष्ट त्याने जवळजवळ सोडूनच दिले. ज्या कामाने तो मोठा झाला त्या कामाशी असलेले नातेच येथे सैल झाले.

अखेर त्याच १९६१ साली त्याने गॅल्टन आणि सिम्प्सन यांनाही सोडले. ‘द रेबेल’ हा त्याचा चित्रपट इंग्लंडमध्ये चालला होता. अमेरिकेत मात्र त्याचे स्वागत थंड झाले. हॅन्कॉकला आता साऱ्या जगाला हसवावयाचे होते. पुढच्या चित्रपटासाठी या लेखकांनी रचलेल्या कथा त्याला पसंत पडल्या नाहीत आणि सात वर्षांची सोबत संपली. लेखक रिकामे बसले नाहीत. १९६२ मध्ये त्यांनी भंगार गोळा करणाऱ्या बापलेकांवर ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका लिहिली आणि तिनेही इंग्लंड जिंकले. हॅन्कॉकने १९६३ मध्ये ‘द पंच अँड जूडी मॅन’ हा चित्रपट काढला. समुद्रकिनाऱ्यावर बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या एका खिन्न माणसाची आणि त्याच्या विटलेल्या संसाराची ती कथा आहे. त्यात त्याने आपले बोर्नमथचे बालपण आणि आपले दुःख दोन्ही ओतले. पण लोकांनी तो उचलून धरला नाही. त्याच वर्षी बीबीसीच्या प्रतिस्पर्धी वाहिनीवर त्याने केलेली मालिकाही फिकी पडली.

आपल्याकडे अशा माणसाला सोन्याच्या पिंजऱ्यातला पोपट म्हणण्याची पद्धत आहे. हॅन्कॉकला ती उपमा लागू पडत नाही. त्याच्या पिंजऱ्याचे दार उघडे होते, इतकेच नव्हे तर किल्ली त्याच्याच हातात होती. त्याने एकेक गज स्वतः काढून टाकला. सामान्य नोकरदाराला वरिष्ठ आवडत नसेल तर तो मुकाट्याने सोसतो, कारण वरिष्ठाला दूर करणे त्याच्या हाती नसते. हॅन्कॉकपाशी पैसा आणि नाव असल्यामुळे त्याला कोणालाही दूर करता येत होते. पैशाने त्याला दिलेले हे सर्वांत मोठे सामर्थ्य होते आणि तेच त्याच्या नाशास कारण झाले. सगळ्यांना दूर केल्यावर खोलीत एकच माणूस उरला, आणि त्याला कसे दूर करावे हे त्याला समजेना.

ती पोकळी दारूने भरून काढली. पहिली पत्नी सिसिली हिच्याशी १९५० मध्ये झालेला विवाह १९६५ मध्ये मोडला. त्याच वर्षी त्याने फ्रेडी रॉस हिच्याशी लग्न केले. तेही १९६८ मध्ये संपुष्टात आले. दारूच्या अंमलाखाली त्याने दोन्ही पत्नींवर हात उगारला होता, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. उपचार झाले, दारू सुटली, पुन्हा लागली. १९६७ पर्यंत दूरचित्रवाणीवर कामे मिळत होती; पण जुना हॅन्कॉक दिसत नव्हता.

१९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका वाहिनीने त्याला तेरा भागांच्या मालिकेसाठी बोलाविले. नव्या देशात नव्याने उभे राहण्याची ती संधी होती. तीन भाग पुरे झाले. २५ जून १९६८ रोजी सिडनीतील राहत्या जागेत तो मृतावस्थेत सापडला. त्याच्या अस्थी विली रश्टन या विनोदी कलावंताने इंग्लंडला परत आणल्या. १९९६ मध्ये जन्मगावी, बर्मिंगहॅममध्ये, त्याचे शिल्प उभारले गेले, आणि २००२ मध्ये बीबीसीने घेतलेल्या कौलात नभोवाणीच्या श्रोत्यांनी इंग्लंडचा सर्वांत आवडता विनोदी नट म्हणून त्याचीच निवड केली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असा माणूस सहानुभूतीस पात्र आहे काय?

नाही म्हणणाऱ्यांचे पहिले म्हणणे असे की, त्याला भरपूर मोबदला मिळत होता. पण मोबदला हा श्रमाचा असतो, कौशल्याचा असतो, आणि त्याच्या बाबतीत तर लाखो लोकांच्या पसंतीचा होता. मनःशांतीचा भाव त्यात धरलेला नव्हता. हजार पौंड दिले म्हणून आपण त्याचे दुःख विकत घेतले, आणि आता ते त्याने आपल्याला ऐकवू नये, असा करार कोणी केला नव्हता. दुसरे म्हणणे असे की, त्याने काम सोडावयाचे होते. हॅन्कॉकने प्रत्येक गोष्ट सोडूनच पाहिली, हे आपण आता पाहिले. काम सोडल्याने सुटतात ती कामाची दुःखे. जे दुःख माणूस आपल्याबरोबर घेऊन फिरतो, ते इटलीतही भेटते आणि सिडनीतही भेटते.

मात्र याच्या उलट टोकाला जाणारी एक रसिक मंडळी असतात, त्यांच्याशीही मी सहमत नाही. कलावंत म्हटला की तो दुःखी असावयाचाच, प्रतिभेची ती किंमतच असते, आणि म्हणून त्याचे सर्व अपराध माफ, असे ते मानतात. ही किंमत प्रतिभावंत एकटा भरीत असता तर गोष्ट वेगळी होती. हॅन्कॉकच्या दुःखाची किंमत मित्राने भरली, लेखकांनी भरली, आणि सर्वांत अधिक दोन स्त्रियांनी आपल्या शरीरावर भरली. त्यांना हजार पौंड मिळत नव्हते आणि त्यांचे शिल्पही कोठे उभे नाही. सहानुभूतीच्या पंगतीत पहिली पाने त्यांची मांडली पाहिजेत.

तरीही पंगतीतून हॅन्कॉकला उठवून लावावे असे मला वाटत नाही. सहानुभूती हे चांगल्या वर्तनाचे बक्षीस नव्हे आणि गरिबीचा दाखला पाहून मिळणारी शिष्यवृत्तीही नव्हे. एखाद्याचे दुःख खरे आहे असे मानणे आणि त्याची वागणूक योग्य होती असे मानणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण मनमोकळेपणाने मान्य करावी. दुसरीला प्रसंग पडेल तेथे स्पष्ट नकार द्यावा. दोन्ही एकाच वेळी करता येणे कठीण आहे, पण अशक्य नाही.

अकरा वर्षांच्या ज्या मुलाने रंगमंचावर लोकांना हसविणारा बाप गमावला, तो मोठेपणी त्याच रंगमंचावर जाण्यापूर्वी भीतीने कापत असे. त्या भीतीला १९४८ मध्ये, विंडमिलच्या तुटपुंज्या पगारावर, आपण नक्कीच सहानुभूती दिली असती. तेरा वर्षांनी त्याला हजार पौंड मिळू लागले, तेव्हाही भीती तीच होती.